बसऱ्याचा हज्जाम
अंजनगाव सुर्जीचा भगवंत माळी बसऱ्याला गेला तो पहिल्या महायुद्धात, पलटणींसाठी भाजीपाला पिकवायला. अकोल्याला भरती झाली तेव्हा त्यानं साहेबाला एवढंच विचारलं होतं, "तिथलं पानी गोडं हाय का?" बोलणं थोडं, काम फार, असा गडी.

उन्हाळा लागला आणि त्याची खालची दाढ ठणकू लागली. बघता बघता गाल वांग्यासारखा तट्ट फुगला. तोंड उघडेना, पेजेचा घोट उतरेना, डोळ्याला डोळा लागेना. छावणीच्या दवाखान्यात लवंगेचं तेल मिळालं. दातांचा डॉक्टर पलटणीबरोबर वर बगदादकडे गेलेला. नुकताच एक मजूर तापानं गेला होता. त्याला नदीकाठी जाळलं, तेव्हा रडायला घरचं कोणी नव्हतं. अंगात ताप चढला की भगवंतला तोच नदीकाठ दिसे.

सोबतचा धामणगावचा नत्थुजी वयानं मोठा. तो म्हणाला, "असा मरत काहून पडला? बाजारात जाय. मुसलमानाचा मुलूख हाय, हज्जाम म्हन. आपल्याकडचा हज्जाम दाढी करते अन् दाढही काढते."

भगवंत गाल धरून बाजारभर "हज्जाम, हज्जाम" करत फिरला. लोकांनी त्याला अगत्यानं एका म्हाताऱ्याच्या अंगणात नेऊन सोडलं. म्हाताऱ्यानं सदरा काढायला लावला. रक्ताचे डाग पडू नयेत म्हणून असेल, असं भगवंतला वाटलं. मग त्यानं भगवंतला पालथं पाडलं, पाठीवर वस्तऱ्यानं चिरे दिले आणि वर तुंबड्या लावल्या. तिकडे हज्जाम म्हणजे अंगातलं रक्त काढणारा, हे त्याला कोण सांगणार?

"पाठ नाई रे बाबा! दाढ, दाढ!"

म्हाताऱ्यानं समजुतीनं मान डोलावली आणि आणखी एक तुंबडी लावली.

भगवंत उठला तो भेलकांडतच. अंगणात मुळ्याचा वाफा होता. त्यानं एक मुळा पाल्याला धरून हिसक्यानं उपटला, माती झटकली आणि सुजल्या गालाला लावला. म्हातारा बघतच राहिला. मग डोळ्यांत पाणी येईतो हसला आणि हात धरून त्याला गल्लीतल्या दात काढणाऱ्या न्हाव्याकडे घेऊन गेला.

न्हाव्यानं चिमटा घातला, गुडघा छातीवर रोवला आणि ओढलं. दाढ हातावर आली. पांढरी, धडधाकट. आतला ठणका जागच्या जागी!

न्हावी चिमटा पुसू लागला. भगवंतनं त्याचे पाय धरले. हा उपकार मानतोय असं समजून त्यानं भगवंतच्या डोक्यावर थोपटलं. तेव्हा भगवंतनं रक्तानं भरलेल्या तोंडात स्वतःच बोट घातलं, दुखऱ्या दाढेवर दाबलं, आणि अशी किंकाळी फोडली की शेजारचे दुकानदार धावत आले. न्हाव्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा चिमटा उचलला. दुसरी दाढ आली ती पुवासकट. भगवंत तिथंच भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला, आणि रडता रडता झोपी गेला.

लढाई संपल्यावर तो घरी आला. जेवताना तो एकाच बाजूनं चावतो, हे त्याच्या बायकोच्या, रुख्मिणीच्या, लक्षात आलं. एक दाढ दुखत होती, न्हाव्यानं दोन काढल्या, एवढंच त्यानं सांगितलं.

"दुखत होती एक, मंग दोन काहून काढल्या तुमी?"

"एक त्याले समजावन्यात गेली," भगवंत म्हणाला.