मालकाने उठू नये

मोहिउद्दीनभाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी गुन्हेगार होतो. गुन्हा कोणता ते मला माहीत नव्हतं. पण दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या त्या आठ बाय दहाच्या दुकानात मी लॅपटॉप घेऊन शिरलो आणि चष्म्याच्या वरून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझे दोन्ही हात आपोआप वर जायला लागले. एका हातात लॅपटॉप होता म्हणून एकच गेला.

"चालू होत नाही," मी म्हणालो.

"काय सांडवलं त्याच्यावर?"

"काही नाही."

"सगळे हेच म्हणतात. बसा."

पुढची चाळीस मिनिटं प्रश्न चालले. पाणी? चहा? वरण? घरात लहान लेकरू? मांजर? सातव्या प्रश्नाला मला घाम फुटला. अकराव्याला मी चौथीत असताना शेजारच्या पोराची पाटी फोडल्याचं कबूल केलं. विसाव्याला लग्नाआधीचं एक प्रकरण सांगायला तोंड उघडलं होतं, पण दुकानात आमच्या शाळेच्या शिपायाची बायको मिक्सर घेऊन बसली होती म्हणून आवरलं. बाहेर जीपवाले जीपा बंद करून गोळा झाले होते. पांढरकवड्याला निघालेल्या एका लग्नाच्या वऱ्हाडानं माझा निकाल ऐकण्यासाठी मुहूर्त पुढं ढकलला, असं अजूनही काही लोक सांगतात. शेवटी मोहिउद्दीनभाईंनी लॅपटॉप उलटा धरून एक चापट मारली. कीबोर्डमधून टेबलावर एक पिवळा तुकडा पडला.

"हा कोन?"

"शेव," मी म्हणालो.

"आता इलाज होते," ते समाधानानं म्हणाले. "मशीन दुरुस्त कराले दहा मिनिटं लागतात, मास्तर. झूठ दुरुस्त कराले टाइम लागते."

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी तिथं चहाला जायला लागलो. दुसऱ्यांची चौकशी ऐकण्यात जे सुख आहे ते मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मोहिउद्दीनभाईंची सुरुवात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यापासून झाली. जळालेली मोटार आणणारा प्रत्येक माणूस शपथेवर सांगायचा, की ती बंद असतानाच जळाली. मग रेडिओ आले, टीव्ही आले, संगणक आले. यंत्रं बदलत गेली, शपथ तीच राहिली. तीस वर्षं हे ऐकून माणसाचं जे व्हायचं ते त्यांचं झालं होतं. कुणी "नमस्कार" म्हणालं तरी ते क्षणभर थांबून विचार करायचे, की हा माणूस काय लपवतोय.

पण शंका दोन्ही बाजूंनी होती. एकदा भर बाजारात एकानं बोंब मारली, की मोहिउद्दीननं माझ्या रेडिओचा चांगला स्पीकर काढून मुका बसवला. त्या दिवशी मोहिउद्दीनभाई दोन वेळा जेवले नाहीत. तिसऱ्या वेळी जेवून उठले आणि त्यांनी दुकानात पाटी लावली: "सामान मालकासमोर उघडले जाईल. मालकाने उठू नये." तेव्हापासूनचा रिवाज असा, की यंत्रातून निघालेला प्रत्येक भाग मालकाला दाखवायचा, मालकानं त्यावर नेलपॉलिशनं सही करायची आणि तो भाग कप्प्यांच्या स्टीलच्या ताटात ठेवायचा. भाजीच्या कप्प्यात स्क्रू, भाताच्या कप्प्यात पंखा, लोणच्याच्या जागी बारीकसारीक. नेलपॉलिश हमीदाभाभींची, लाल. दारव्हा तालुक्यात अशी कितीतरी यंत्रं असतील, ज्यांच्या पोटात त्यांच्या मालकाची लाल सही आहे आणि मालकाच्या बायकोला आजवर त्या वासाचा उलगडा झालेला नाही.

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसावर संशय घेणारं एकच माणूस होतं, हमीदाभाभी. भाईंना साखरेचा आजार. भाभी वरच्या मजल्यावरून बिनसाखरेचा चहा घेऊन उतरायच्या आणि चहा देण्याआधी नवऱ्याच्या बोटांचा वास घ्यायच्या.

"जिलेबी खाल्ली नं?"

"ग्रीस हाय ते."

"ग्रीसमंदी केशर कधीपासून टाकतात?"

मग त्या मीटरचा डबा उघडायच्या. पुडकं तिथंच असायचं. चोरी लपवायची जागा इतकी वर्षं न बदलणारा माणूस दुसऱ्यांच्या चोऱ्या कशा पकडतो, याचं मला कायम आश्चर्य वाटायचं.

आणि मग बोंडअळीचं वर्ष आलं. कपाशी वरून हिरवीगार, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. आमच्याकडं त्या वर्षी संशय हे एकच पीक जोमात होतं. लोक बियाण्याच्या पाकिटावर संशय घेत, पाकीट विकणाऱ्यावर घेत, फवारणीच्या औषधावर घेत, काट्यावर घेत, काटा बघायला आलेल्या साहेबावर घेत. अशा दिवसांत एका बुधवारी दुपारी सदाशिवराव दुकानात आले.

सदाशिवराव जीपनं अर्ध्या तासावरच्या गावचे कापूसवाले. उंच, वाळके, खांद्यावर दुपट्टा. दुकानात शिरण्याआधी त्यांनी दोन्हीकडं पाहिलं, मग दुपट्ट्याखालून लॅपटॉप काढला आणि टेबलावर ठेवला, पण हात काढला नाही.

"चालू होत नाई."

"हात काढा, मंग पाहू."

"हात असू द्या. तुमी पाहा."

मी चहा खाली ठेवला. आज दोन तुल्यबळ पैलवान भेटले होते.

हळूहळू कळलं ते असं. त्यांच्या गावातल्या त्र्याण्णव घरांचं बियाणं फसलं होतं. शुक्रवारी भरपाईच्या अर्जांवर सरकारी समितीपुढं सुनावणी होती आणि समितीला पुरावा हवा होता. सदाशिवरावांची मुलगी अर्पिता यवतमाळला शिकायला. दिवाळीच्या सुट्टीत तिनं घरोघर जाऊन पाकिटांचे, पावत्यांचे, किडक्या बोंडांचे फोटो काढले आणि सगळ्यांची यादी करून लॅपटॉपात ठेवली. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तिथले फोटो पुसून टाकले. पाकिटं तोवर कुणाच्या चुलीत गेली होती, कुणाच्या उकिरड्यावर. म्हणजे त्र्याण्णव घरांचा सगळा पुरावा त्या न उघडणाऱ्या डब्यात होता. अर्पिताची परीक्षा सुरू होती, आणि गावानं लॅपटॉप सदाशिवरावांच्या ताब्यात दिला होता.

"काही सांडवलं?" मोहिउद्दीनभाईंनी सुरुवात केली.

"नाई."

"पडला?"

"नाई."

"ठेवलता कुठी?"

"टेबलावर." हे उत्तर जरा लवकर आलं.

"टेबल कुठी हाय?"

"घरी."

"घरी तं मले बी माहीत हाय, पाटील. टेबल जंगलात थोडी असते! घरात कुठी?"

"तुमाले दुरुस्ती करायची हाय का घर विकत घ्यायचं हाय?"

भाईंनी पेचकस उचलला. पाठीचे स्क्रू निघाले, भाजीच्या कप्प्यात गेले. सदाशिवरावांनी ते मोजले, बोटानं, दोनदा. बॅटरी निघाली, सही झाली. मेमरीची पट्टी निघाली, सही झाली. मग भाईंनी पंख्यापाशी चिमटा घातला आणि थांबले. चष्मा पुसला. पुन्हा घातला. आणि पांढराशुभ्र, लांबच लांब पेळू बाहेर ओढायला लागले. निघतोय, निघतोय, निघतोच आहे. समईला चार वाती झाल्या असत्या.

"टेबल कापसाचा हाय वाट्टे," भाई म्हणाले.

सदाशिवराव दुपट्ट्याशी खेळू लागले. भाईंनी पुन्हा चिमटा घातला आणि या वेळी जे निघालं ते हलक्या हातानं लोणच्याच्या कप्प्यात ठेवलं. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, भाजून वाळलेली, पण रंग अजून ओळखू येत होता. गुलाबी.

भाईंनी नेलपॉलिशची बाटली पुढं सरकवली.

"हे तुमचंच हाय नं? करा सही."

सदाशिवराव आधी खूप रागावले. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि मग ते इतके हसले, की त्यांचा हात पहिल्यांदा लॅपटॉपवरून निघाला. हसता हसता सगळं बाहेर आलं. भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच पडून होता; मधली खोली छतापर्यंत भरलेली, माणसं ओसरीत निजायची. सोमवारी संध्याकाळी मोटारसायकलवर कुणी अनोळखी माणूस गावात आला आणि त्र्याण्णव अर्जांची यादी कुणाकडं आहे म्हणून विचारून गेला. सदाशिवरावांना वाटलं, हा बियाण्यावाल्याचाच माणूस. त्यांनी चालू लॅपटॉपचं झाकण लावलं आणि हातभर आत, कापसाच्या ढिगात खुपसून ठेवला. वर स्वतः जाऊन निजले. यंत्र आत रात्रभर चालत राहिलं आणि पंखा हवेऐवजी कापूस ओढत राहिला.

"मले गरम तं लागलतं पाठीखाली," ते म्हणाले. "मले वाटलं, कापूस चांगला वाळून राह्यला."

"खोलीले आग नाई लागली, नशीब समजा," भाई म्हणाले. "आन् थो मोटारसायकलवाला कोन होता?"

"कोन जाने. दुसऱ्या दिवशी कळलं, पिकाचा इमा काढनारा होता."

खोटं दुरुस्त झालं, पण यंत्र झालं नाही. पंखा साफ केला, तरी पडदा काळाच. नुसता एक दिवा लागायचा आणि विझायचा. भाईंनी बॅटरी काढून चालू करायचं बटन अर्धा मिनिट दाबून धरलं. नाही. मेमरीच्या पट्टीचे पाय खोडरबरानं घासले, पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. नाही. सदाशिवरावांच्या कपाळावर घाम होता. मधूनच त्यांचा फोन वाजे, ते "होते होते, चालूच हाय" म्हणून ठेवून देत. गावातून कोण ना कोण विचारत होतं. शेवटी भाईंनी आतून रुपयाएवढा सेल काढला.

"हा कायचा?"

"घड्याळाचा. हा काढला का मशीन सगळं भुलते, आजची तारीख बी. आन् कधी कधी आपली बिमारी बी भुलते. फोटो भुलत नाई, भेऊ नका."

दहा मिनिटं सेल ताटात पडून राहिला, लाल सहीसकट. मग सगळं परत जागेवर गेलं. भाईंनी बटन दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर आधी एक इंग्रजी ओळ आली, भाईंनी एक कळ दाबली, आणि थोड्या वेळानं अर्पिताचा शाळेतल्या बक्षिसासकटचा फोटो उजळला. सदाशिवराव उभे राहिले. पाटीवर उठू नये असं लिहिलेलं असूनही उभे राहिले. भाईंनी पाटीकडं बोटही दाखवलं नाही.

"थांबा, आता तारीख लावून देतो," ते म्हणाले आणि कीबोर्डकडं हात नेला.

आणि सदाशिवरावांचा हात परत आला. धाडकन, लॅपटॉपवर.

"आता हात नाई लावायचा."

"तारीख चुकीची हाय त्याच्यात..."

"चालू झाला नं? मंग झालं. आत त्र्याण्णव लोकाइचे कागद हायेत. आत कोनाचं काम नाई."

मोहिउद्दीनभाईंचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. रेडिओच्या स्पीकरच्या दिवशी बहुधा तसा झाला असेल. ते दोन वाक्यांत समजावू शकले असते. मीही शकलो असतो, पण मला वाटलं, घड्याळच तर आहे, त्यानं काय बिघडतं. भाईंनी पेचकस खाली ठेवला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "जा मंग."

सदाशिवराव मला सोबत घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले. अर्पिता फोनवरून सांगत होती, मी कळा दाबत होतो. त्र्याण्णव पानं निघाली. मी मास्तर, म्हणून तपासायचं काम माझं. नावं तपासली, गट नंबर तपासले, फोटो सरळ आहेत का पाहिलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं सुधारले. सदाशिवरावांनी पानं दुपट्ट्यात गुंडाळली, जीपमध्ये त्यांच्यावरच बसले आणि गेले.

शुक्रवारी समितीतल्या साहेबांनी पहिलं पान उचललं, चष्मा वर केला आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. अर्पितानं अशी सोय केली होती, की प्रत्येक पानाखाली छापण्याच्या दिवसाची तारीख आपोआप पडावी. तळाशी होतं: दिनांक ०१/०१/२००९. साहेबांनी दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. हे बियाणं तेव्हा बाजारात आलंही नव्हतं. साहेबही बोंडअळीच्याच वर्षातले होते, त्यांच्याकडंही संशयाचंच पीक आलं होतं. "कागद बनावट वाटतात," ते म्हणाले.

सदाशिवरावांनी लॅपटॉपची सगळी कथा सांगितली, कापसाच्या ढिगापासून. अळीचीही सांगितली. साहेब म्हणाले, ती अळी आणली आहे का? ती आमच्या लोणच्याच्या कप्प्यात होती, आणि बुधवारीच भाभींनी ताट घासलं होतं.

शनिवारी सदाशिवराव दुकानात आले. भांडायला आले असतील असं वाटून मी चहाचा कप हातात धरून ठेवला. पण ते स्टुलावर बसले, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि हात काढून मांडीवर घेतले.

"काहून जोरानं नाई सांगतलं?" ते म्हणाले.

"काहून नाई सांगतलं, हेच मी बी तीन दिवसांपासून सोताले पुसून राह्यलो," मोहिउद्दीनभाई म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि तारीख लावली. दिवस, महिना, वर्ष, तास, मिनिट. सदाशिवराव बघत होते, पण मोजत नव्हते. हमीदाभाभी तीन कप घेऊन उतरल्या. नवऱ्याच्या बोटांचा वास त्या दिवशी त्यांनी घेतला नाही, आणि त्या दिवशी खरंच जिलेबी नव्हती.

फेरतपासणीचा अर्ज मीच लिहून दिला, खऱ्या तारखेनिशी. तो मुदतीनंतर पोचला. त्र्याण्णवही अर्ज त्रुटीत निघून बाद झाले, आणि पुढच्या खरिपात सदाशिवरावांनी सोयाबीन पेरलं.