रॉबीसाहेबांच्या गावी: दुबई ते स्कॉटलंडचा किनारा

२००२ च्या मे महिन्यात सुट्टी मिळाली, पण मी घरी सावंतवाडीला गेलो नाही. स्कॉटलंडला गेलो. दुबईच्या ऑफिसात सगळ्यांनी वेड्यात काढलं. बायको फोनवर एवढंच म्हणाली, "जाऊन या. नाहीतर तुम्हाला चैन पडायचं नाही."

कारण रॉबीसाहेब. आमचे साइट इंजिनिअर. गल्फमध्ये बावीस वर्षं काढलेला, लग्न न केलेला स्कॉटिश माणूस. मी त्यांचा ड्राफ्ट्समन. सकाळी "यल्ला, सावंत!" म्हणजे चला, आणि संध्याकाळी "खलास!" याखेरीज आमचं फारसं बोलणं नव्हतं. फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेले. जबल अली भागातल्या ख्रिश्चन दफनभूमीत आम्ही चौघंच होतो: पाद्री, कंपनीचा पीआरओ, ड्रायव्हर आणि मी. त्यांच्या म्हाताऱ्या बहिणीला, मार्गरेटबाईंना, येता आलं नाही. त्यांचा फोन मी घेतला. "सगळं पत्रात लिहितो" म्हणालो, आणि तीन महिन्यांत एक ओळ लिहिता आली नाही. मग वाटलं, समोर बसून सांगावं.

व्हिसासाठी बाईंचं बोलावण्याचं पत्र उपयोगी पडलं. तिकीट बावीसशे दिरहम, म्हणजे जवळजवळ एकोणतीस हजार रुपये. लंडनहून अ‍ॅबर्डीन रेल्वेने सात तास, पुढे दोन बस. शेवटच्या थांब्यावर मी एकटाच उतरलो. ड्रायव्हर म्हणाला, "इथे? चुकला नाहीत ना?" जाणार असाल तर वारा अडवणारं जॅकेट न्याच. मे महिन्यातही माझे दात वाजत होते.

गाव म्हणजे कड्याखाली दगडी घरांची एक रांग. सगळ्या घरांनी समुद्राकडे पाठ केलेली. समुद्रावर जगायचं, पण त्याचं तोंड बघायचं नाही! मार्गरेटबाई दारातच उभ्या होत्या. धुरावलेला मासा, बटाटा आणि दूध घातलेलं सूप त्यांनी पुढे ठेवलं. आमच्याकडे माशांवर दूध पिऊ देत नाहीत, पण मी दोन वाट्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाव दाखवलं. एके काळी इथे हेरिंग मासा एवढा यायचा की बंदरात होडीला होडी लागायची. बायका बोटांना चिंध्या बांधून मासे साफ करायच्या, हंगामाबरोबर बंदरं बदलायच्या. बाईंची आईही त्यातलीच. मग मासा संपला, पोरं तेलाच्या कामाला गेली, काही पार वाळवंटात. आता निम्मी घरं सुट्टीपुरती उघडतात.

चर्चच्या भिंतीवर बुडालेल्या खलाशांची नावं होती. तिथल्या बाकावर बसून बाईंनी विचारलं, "रॉबीला पोचवायला किती माणसं होती?"

खोटं बोलावंसं वाटलं. "चार," मी म्हणालो.

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडे शवपेटी आठ दोरांनी खाली सोडतात. कोणता दोर कुणाचा, ते आधी ठरलेलं असतं. तिथे कुणी धरले?"

"दफनभूमीतल्या कामगारांनी. माणूस कमी पडला, म्हणून एक मी धरला."

"कोणता?"

"डोक्याकडचा. मला काही ठाऊक नव्हतं, मॅडम. तिथे जागा होती म्हणून..."

त्यांनी माझा हात धरला. "तो सर्वांत जवळच्या माणसाचा असतो," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघंही रडलो.

दुपारी गावच्या हॉलमध्ये दहा-बारा म्हातारे चहाला जमले होते. बाईंनी माझी ओळख करून दिली, "हे मिस्टर सावंत. रॉबीच्या डोक्याकडचा दोर यांनी धरला होता." एकेक जण उठला आणि माझ्याशी हात मिळवून गेला. मला साहेबांबद्दल चार वाक्यांपलीकडे काही सांगता येईना. अकरा वर्षं शेजारी बसून मी त्यांना गावाचं नावही विचारलं नव्हतं. त्याची लाज अजून जात नाही.

परत आलो तो शुक्रवार, सुट्टीचा दिवस होता. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या खोलीत परबदादा एकटेच कांदा चिरत होते. तीन वर्षं आमच्या खाटा शेजारी-शेजारी. "कसं काय स्कॉटलंड?" त्यांनी विचारलं.

"थंड," मी म्हणालो आणि बॅग खाली ठेवली. "दादा, तुमचं गाव नेमकं कुठलं हो? घरी कोण कोण असतं?"

त्यांनी सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि ते नीट मांडी घालून बसले. त्या दिवशी आम्हाला जेवायला चार वाजले.