नववी ओळ कुठून मोजायची

एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करायच्या खोलीत तीन टेबलं होती. खिडकीजवळचं मावशीचं. वय जेमतेम पन्नास, पण सगळा दवाखाना तिला मावशीच म्हणे, मोठे डॉक्टरसुद्धा. डॉक्टर बोलून ठेवत, ती हेडफोन लावून ऐके आणि रिपोर्ट तयार करी. दिवसाला साठ.

कॉम्प्युटर बरंचसं आपोआप लिहितो हे सगळ्यांना माहीत होतं; पण तिच्या बोटांना भराभर टाइप करणं जमेनासं झालंय, हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी बोटांचे सांधे धरायला लागले, तेव्हा तिनं एडिटरमध्ये, म्हणजे टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, आपोआप रिपोर्ट भरणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली. शिकवायला कोणी नव्हतं. एडिटरबरोबर आलेली मदतीची पानं ती जेवणाच्या सुट्टीत वाचत बसे. आज एक तुकडा, महिन्याभरानं दुसरा, असं करता करता चौदाशे ओळी झाल्या. मग दोन कळा दाबल्या की अख्खा रिपोर्ट पडद्यावर उभा राहू लागला.

एका सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. एक्स-रे डाव्या गुडघ्याचा होता, रिपोर्टात उजवा आला होता. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर स्क्रिप्ट बंद करायची आणि सगळं हातानं टाइप करायचं. शेजारची टायपिस्ट म्हणाली, मावशींना हातानं काय, डोळे मिटूनही जमेल. मावशी हसली. दोन्ही हात तिनं मांडीवर ठेवले होते.

चुकीची वाट तिला लवकरच कळली. रिपोर्टच्या साच्यात ‘उजवा’ हा शब्द आधीच लिहिलेला असे. काउंटरवरून आलेली नोंद वाचून स्क्रिप्ट गरजेप्रमाणे तो बदले. मध्येच ती अडखळली की शब्द तसाच राही. अडखळल्याचा संदेश पडद्याच्या तळाशी येई आणि डोळा लवेपर्यंत पुसला जाई. त्या गुडघ्याची नोंद पुन्हा पुन्हा चालवून मावशीनं तो एकदा पकडला. त्यात तुकड्याचं नाव नव्हतं, एडिटरनं आपल्या मनानं दिलेला कसलासा आकडा होता, आणि पुढे लिहिलं होतं: ओळ नऊ.

तिनं फाइल उघडून नववी ओळ पाहिली. तिथे तिनं स्वतःसाठी लिहिलेली जुनी टीप होती, काम कधी सुरू केलं त्याची. त्यावर अडखळण्यासारखं काही नव्हतं. तिनं टीप पुसली. आठवी ओळ नव्यानं लिहिली, मग दहावी. मंगळवार गेला, बुधवार गेला. घरी नवरा म्हणाला, “दोन दिवस नऊ नऊ चाललंय तुझं. आठवी, दहावी काय सावत्र आहेत?” ती गरम पाण्यात बोटं बुडवून बसली.

गुरुवारी सकाळी करंगळी नीट वळेना. फाइलच्या अगदी वर असताना ती चुकून एंटरवर पडली आणि तिथे एक रिकामी ओळ तयार झाली. मावशीच्या ते ध्यानात आलं नाही. तिनं स्क्रिप्ट चालवली. संदेश आला: ओळ नऊ. परत वर आल्यावर तिला ती फालतू ओळ दिसली. ती काढायला गेली आणि तिचा हात थांबला. सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकल्या होत्या, मग नऊ नऊच कसे?

शेतात नवव्या सरीत पाणी फुटलंय असं कोणी सांगितलं, तर आधी विचारावं लागतं, कोणत्या बांधापासून नववी. मावशीनं तीन दिवस ते विचारलंच नव्हतं. एडिटर फाइलच्या डोक्यापासून मोजत नव्हता. जो तुकडा चालू असेल, त्याच्या उंबऱ्यापासून मोजत होता.

तुकडे बावीस होते. तिनं एकेकाच्या सुरुवातीला रिकामी ओळ घातली, स्क्रिप्ट चालवली, संदेश पाहिला, ओळ काढली. नऊ. नऊ. नऊ. सतराव्या तुकड्यात ओळ घातली आणि तळाशी दहा उमटलं.

त्या तुकड्याची नववी ओळ तिनंच लिहिलेली होती. नाव, वय, बाजू अशा क्रमानं नोंद येते, म्हणून तिसरी गोष्ट ती बाजू, असं तिनं धरून ठेवलं होतं. काउंटरवरचा नवा कारकून वय माहीत नसलं की ते गाळून टाकी, आणि मग तिसरी गोष्टच उरत नसे. तो आल्यापासूनच्या नोंदी तिनं संध्याकाळपर्यंत चाळल्या. चुकलेले रिपोर्ट अकरा निघाले. डॉक्टरांना एकच माहीत होता.

शुक्रवारी तिनं अकरांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. मग सगळी कामं बाजूला सारून म्हणाले, उरलेल्या दहा जणांना आत्ताच पत्रं जायला हवीत, इथेच बसा. त्यांच्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट नव्हती. मावशी बसली. दोन तर्जन्यांनी एकेक अक्षर शोधत तिनं पहिलं पत्र लिहिलं. पाव तास गेला. डॉक्टर बघत होते.

“कधीपासून?”

“सात वर्षं झाली.”

त्यांनी उरलेली पत्रं शेजारच्या टायपिस्टकडे पाठवली आणि खुर्ची पुढे ओढली.

“स्क्रिप्ट राहू द्या, मावशी. पण बाजूचा शब्द साच्यात नको. तिथे जागा मोकळी ठेवा, आणि तो दर वेळी तुम्ही हातानं भरायचा. जमेल?”

“दोन-तीन अक्षरं आहेत. तेवढं जमतं.”

दुपारच्या पहिल्या रिपोर्टात ती मोकळी जागा आली. मावशीनं नोंद वाचली, फिल्म उजेडात धरून पाहिली, आणि सावकाश एकेक कळ दाबली.