दवाखान्यामागची फिरायची जागा

हिंगोली जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास माझी बदली या तालुक्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यात झाली. मी तिथं सिस्टर होते. सकाळी शुगर-बीपीच्या बायकांची रांग लागायची. डॉक्टर प्रत्येकीला एकच सांगत, "गोळ्या चालू ठेवा आणि रोज अर्धा तास चाला." बायका मान हलवायच्या आणि गोळ्या घ्यायला खिडकीपाशी आल्या की हळूच मला विचारायच्या, "सिस्टर, चालायचं कुठं?"

प्रश्न बराबर होता. पुरुषांना चौक होता, धान्याचा मोंढा होता, शाळेचं मैदान होतं. बाई घराबाहेर पडली तर बाजाराला, शेताला नाहीतर देवळात. नुसतीच चालायला निघाली तर ओट्यावरची माणसं विचारणारच, "काहून, काय झालं?"

या रांगेत एक काकी असायच्या. मोठ्या शेतकरी घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं भारी आणि बोलायला त्याहून भारी. दर महिन्याला शुगर वाढलेलीच. एकदा मी चिडले.

"काकी, तुम्ही अजिबात चालत नाही."

"तू येतीस का संगं? मग चालते," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या दवाखान्याच्या फाटकाशी हजर. नव्या कोऱ्या चपला, डोक्यावर पदर. आम्ही दोघी वसमत रस्त्यानं निघालो. पहिल्या दिवशी काकी नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन खाली बसल्या आणि धाप लागलेली असतानाही मला शिव्या देत राहिल्या. आठवडाभरात आमच्या मागं शेजारच्या दोघी आल्या, मग मास्तरांची बायको, मग शिंपीणबाई. दिवाळीपर्यंत आमची चांगली टोळी झाली. दूधवाले सायकल हळू करून बघायचे. एकानं विचारलं, "मोर्चा कुठं निघाला?" काकी म्हणाल्या, "तुझ्या घरी. च्या ठेवायला सांग."

हिवाळ्यात कारखान्याला ऊस न्यायला ट्रॅक्टर सुरू झाले. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर. एका सकाळी धुक्यात असाच एक ट्रॅक्टर मागून आला. आम्ही कडेला झालो, पण मागची ट्रॉली वळणावर आत आली आणि बाहेर आलेल्या उसात काकींचा पदर अडकला. पदर फाटला म्हणून बरं. काकी रस्त्याच्या कडेच्या चारीत पडल्या. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. मी त्यांना दवाखान्यात आणून पट्टी बांधली. काका धावत आले. बायकोकडं बघून म्हणाले, "आता बास. चालायचंच आसंल तर अंगनात चाला."

"घाण्याच्या बैलावानी?" काकी म्हणाल्या. "न्हाई व्हायचं. सिस्टर, गुडघा नीट कर. मला पालिकेत जायचंय."

चार दिवसांनी आम्ही सगळ्या जणी पालिकेत गेलो. नगराध्यक्ष भला माणूस होता. इतक्या बायका एकदम पाहून त्यानं आधी सगळ्यांसाठी खुर्च्या मागवल्या, तेवढ्या खुर्च्या निघाल्या नाहीत म्हणून स्वतःही उभाच राहिला. काकींनी फाटकी साडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. दुसरं काही बोलायची गरज पडली नाही. जुन्या कारकुनानं कपाटातून गावाचा नकाशा काढला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. दवाखान्याच्या मागची जागा बगीच्यासाठी राखून ठेवलेली होती. तिथं वेड्या बाभळीचं रान माजलं होतं आणि निम्म्या गावाचा कचरा पडत होता. मी रोज खिडकीतून ते बघत होते. ती जागा आमची आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मग गाव कामाला लागलं. मोंढा बंद असायचा त्या दिवशी हमाल आले आणि त्यांनी बाभळी तोडल्या. पालिकेच्या ट्रॅक्टरनं कचरा हलवला. शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॉलीतून मुरूम आणून टाकला. उन्हाळ्यात जागेच्या कडेनं गोल रस्ता आखला गेला.

त्याच दिवसांत गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी सुनेच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात मुक्कामाला होती. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. रोजगार हमीच्या रस्त्यांवर तिचं आयुष्य गेलं होतं. आधी खडी फोडली, मग बायकांच्या टोळीची मुकादम झाली. ती व्हरांड्यातून दोन दिवस काम बघत राहिली. तिसऱ्या दिवशी उठून तिथं गेली आणि म्हणाली, "खाली काळी माती हाय. मुरूम गिळून टाकंल ती. आदी दगड भरा."

काम बघणारे हसले. एक जण म्हणाला, "याडे, बाया चालणार हायेत इथं. ट्रक न्हाई."

याडीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिथंच उभी होते. मला वाटत होतं की हिला कळतंय, पण मी काही बोलले नाही. ती गुमान परत सुनेपाशी जाऊन बसली.

नारळ फुटला, पेढे वाटले. मृगापर्यंत आम्ही रोज ऐटीत फिरलो. पाऊस लागला आणि पोळ्याच्या आत सगळा मुरूम मातीच्या पोटात गेला. शिंपीणबाईंची चप्पल चिखलात रुतली ती निघालीच नाही. ओट्यावरची माणसं म्हणायला लागली, "झाला का बगीचा?" बायका पुन्हा घरी बसल्या. काकींची शुगर पुन्हा चढली. त्यांच्या कागदावर आकडा लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटली.

पाऊस उघडल्यावर मी आणि काकी तांड्यावर गेलो. याडी घराम्होरं बसून शेंगा फोडत होती. नातू मांडीवर. आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि मग सरळ मला विचारलं, "तवा काहून न्हाई बोललीस?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "येते. पर म्या सांगीन तसंच करायचं. आन् दुसरं, नुसत्या आमच्या तांड्याच्या बाया टोपली न्हाई उचलणार. गावातल्याबी उचलतील."

मी काकींकडं बघितलं. त्यांच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा गडी आणून द्यायचा.

"उचलते," काकी म्हणाल्या. "पर माझी टोपली ल्हान ठेव."

त्या हिवाळ्यात जे झालं ते मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. याडीनं काठीनं रेघ ओढली आणि हातभर खोल खणायला लावलं. दगड विकत आणावे लागले नाहीत. शेताच्या बांधावरचे दगड कुणीतरी न्यावेत म्हणून शेतकरी वाटच बघत होते. मोठे दगड खाली, उभे, एकमेकांना खेटून. त्यांच्या फटीत बारीक खडी. वर मुरूम, मग पाणी, मग रोलर. दगड आडवा ठेवलेला दिसला की याडी काठीनं ठोकायची, "हा झोपलाय. उभा कर." जागोजागी तांब्यानं पाणी ओतून ते कुठं पळतंय ते बघायची आणि त्याप्रमाणे उतार बदलायला लावायची. उन्हाळ्यात तिला हसलेला माणूस आता तिच्या मागं तांब्या घेऊन फिरत होता.

गावातल्या बायका आणि तांड्यावरच्या बायका एका रांगेत उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोन वेगळे घोळके बसले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी याडीच्या सुनेच्या ठेच्यानं काकींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितला. त्यानंतर घोळका एकच. काका एकदा बघायला आले. डोक्यावर दगडांची टोपली घेतलेली आपली बायको पाहून ते रस्त्यातच थांबले. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि म्हणाले, "आण इकडं, म्या घेतो." काकींनी टोपली दिली नाही. "दुसरी घ्या की," म्हणाल्या.

रस्ता झाला. गावातल्या लोहारानं बोअरच्या जुन्या पाइपांचे दोन झोके आणि एक घसरगुंडी करून दिली. शाळेच्या पोरींनी कडुनिंब आणि करंजाची रोपं लावली आणि उन्हाळाभर आळीपाळीनं पाणी घातलं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही सगळ्या छत्र्या घेऊन बघायला गेलो. रात्रभर पाऊस झालेला. पाणी कडेच्या चारीतून वाहत होतं आणि रस्ता तसाच होता. काकींनी मुद्दाम पाय आपटून पाहिला.

संध्याकाळी लेकरं झोक्यावर, म्हातारे कट्ट्यावर आणि पोरी सायकल शिकताना दिसायला लागल्या. शिंपीणबाईंची सून बाळंतपणानंतर तिथंच फिरायची. डॉक्टर आता रांगेतल्या बायकांना चालायला सांगताना हातानं मागची खिडकी दाखवायचे. काकींची शुगर उतरायला वर्ष गेलं, पण उतरली. तो कागद त्यांनी घरी नेऊन भिंतीला लावला.

दोन-तीन वर्षांनी शेजारच्या एका गावची काही माणसं ही जागा बघायला आली. त्यांच्याही गावात काळी माती होती आणि त्यांचाही रस्ता पहिल्याच पावसात खचला होता. मी त्यांना सगळं दाखवलं. त्यांच्यातल्या एकानं वही उघडली आणि विचारलं, "काम कोणत्या इंजिनीअरनं केलं? नाव सांगा, आम्हाला भेटायचंय."

याडी तेव्हा नातवाला घेऊन झोक्यापाशीच होती. मी हाक मारली. ती लुगडं सावरत आली. त्या माणसानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

"लिव्हून काय व्हतंय?" याडी त्याला म्हणाली. "पहार आण. मार इथं."

पालिकेनं तिथं ठेवलेल्या माळ्याकडून पहार आणली. त्या माणसानं दोन्ही हातांनी जोर लावून ती रस्त्यात मारली. पहार चार बोटं मुरमात गेली आणि खालच्या दगडावर खणकन वाजून मागं उडाली. त्यानं वाकून बघितलं, मग वही मिटून खिशात घातली.

"आमच्याकडं कधी येता, याडी?" त्यानं विचारलं.

"गाडी पाठिव," ती म्हणाली. "आन् तुमच्या गावच्या बायांना सांगून ठेव, टोपल्या लागतील."