सासूबाईंची साक्ष

माझ्या सासूबाईंना फरशी पुसताना कुणी मधे आलेलं खपत नाही. ओल्या फरशीवरून मी गेलेच, तर पाय पुसून पुन्हा लांबून यायला लावतात, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी. आमचं पटतं का विचाराल, तर पटत नाही. पण बाईला तिचं काम येतं, हे मी कुणाहीपुढे सांगेन. एका चार मजली इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा लांब पॅसेज बावीस वर्षं पुसायला त्यांच्याकडे होता, आणि तिथं कधी कुणाचा पाय घसरला नव्हता.

त्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे. डोळ्यांत थेंब घातले की दोन-तीन तास माणसाला धड दिसत नाही. अशी माणसं भिंत चाचपत जिन्याकडे निघतात. म्हणून सासूबाई पॅसेज उभा अर्धाच पुसायच्या. एक बाजू ओली, एक कोरडी, आणि मधोमध बादली. ओली बाजू वाळली की मग दुसरी. वेळ दुप्पट लागतो म्हणून इमारतीचा मॅनेजर कुरकुर करायचा. त्या या कानाने ऐकायच्या आणि त्या कानाने सोडून द्यायच्या. फरशी ओली आहे सांगणारी पिवळी पाटी असते ना, तिचा पाय मोडून दोन महिने झाले होते. नवी मागितली की मॅनेजरचं आपलं आणतो, आणतो. तोवर बादलीवरच भागत होतं.

एका सकाळी हाच मॅनेजर धावत आला. मालक पाहुण्यांना घेऊन अर्ध्या तासात येतायत, सगळा पॅसेज एकदम लख्ख झाला पाहिजे, आणि आधी ती कळकट बादली उचला. सासूबाईंनी उचलली. बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजू एकदम पुसल्या. पाहुण्यांच्या आधी दवाखान्यातून एक शिंपीकाका बाहेर पडले आणि चौथ्या पावलाला आडवे झाले. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर निघालं तरी त्यांना कात्री धरता येईना. त्यांनी एका वकीलबाईंना गाठलं आणि इमारतीच्या मालकांवर नुकसानभरपाईचा दावा लावला.

मग मॅनेजरला आमच्या घराची वाट सापडली. बावीस वर्षांत कधी सापडली नव्हती! त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता. बादली जागेवर होती, बाईंनी ओरडून सावध केलं होतं, शिंप्यानेच ऐकलं नाही, असं त्यात लिहिलेलं. खाली सही करायची. बोलणं अगदी मधाळ. सही झाली तर नोकरीला धक्का नाही, नाही झाली तर मालक दुसरी बाई बघतील, एवढंच म्हणाला आणि चहाचा कप तोंडाला लावला.

सासूबाईंनी कागद परत सरकवला. आता खोटं कशाला सांगू, त्याच्यासमोर मीच म्हणाले, "आई, करून टाका ना सही." नवऱ्याच्या कारखान्यातली एक पाळी बंद पडलेली, दोन पोरांच्या शाळा, काय करणार होते मी? पाण्यात राहून माशाशी वैर नको, असंही वर शहाणपण सांगितलं.

"मी पाण्यात राहत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "मी पाणी पुसते."

मॅनेजर चहा अर्धा टाकून गेला. त्या संध्याकाळी मी भांडी अशी काही आपटली की शेजारीण विचारायला आली.

काकांच्या वकीलबाईंनी सासूबाईंना साक्षीला बोलावलं. त्या दिवशी कोर्टात मीच त्यांच्यासोबत गेले, कारण नवरा कामावर आणि मला घरी चैन पडेना. मालकांच्या वकिलाने विचारलं, बादली होती की नव्हती? नव्हती, म्हणाल्या. साहेबांनी उचलायला सांगितली, मी उचलली. म्हणजे चूक तुमची, असं वकील म्हणाला, तसा मागे बसलेला मॅनेजर सैल झाला. बघा, चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाईंचा आवाज मात्र जराही हलला नाही. "हो, चूक माझी. इतकी वर्षं या साहेबांचं ऐकलं नाही, म्हणून कुणी पडलं नाही. त्या दिवशी ऐकलं."

शिंपीकाकांच्या वकीलबाईंना तेवढंच हवं होतं. कामावरच्या माणसाने साहेबाच्या हुकमावरून जे केलं, त्याची भरपाई मालकालाच द्यावी लागते, असं त्यांनी मांडलं. निकाल काकांच्या बाजूने लागला.

आठवड्याभरात आमच्याकडे मालकांचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. कामात निष्काळजीपणा केल्यामुळे उद्यापासून येऊ नये. सांगितलं होतं ना, हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. पण सासूबाईंचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. नोकरी गेली म्हणून नाही. निष्काळजी हा शब्द त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला, तिसऱ्यांदाही लावला. मग त्यांनी तोंड धुतलं, केस नीट केले, पायात चपला सरकवल्या आणि मला चल म्हणाल्या.

आम्ही गेलो त्याच वकीलबाईंकडे. काकांचं झालं, आता माझं बघा, असं म्हणून सासूबाईंनी पत्र टेबलावर ठेवलं. वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं. खरी साक्ष दिली म्हणून काढलं, हे सिद्ध करावं लागेल, म्हणाल्या. मॅनेजरने घरी येऊन धमकावलं तेव्हा तिथं आणखी कुणी होतं का?

मी खाली बघू लागले. साक्षीला उभं राहिलं की समोरचा वकील पहिलं काय विचारणार, ते मला कळत होतं.

"ही होती," सासूबाई म्हणाल्या. "सगळं ऐकलंय हिनं. सही करा असं हीच म्हणाली, तेसुद्धा सांगेल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते. एखादी वस्तू कुठल्या डब्यात आहे ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. वकीलबाई पेन हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

"सांगेन," मी म्हणाले. "आधी माझंच वाक्य लिहून घ्या."