मोटारीची खांदेमळण

मोटारीला न्हाऊ घालून, वरून तूपहळद चोळून तिचा मेंदू ठार करणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे, हे मी चारचौघांत छाती काढून सांगतो. लोकांच्या सासरी फार तर कुणी तहसीलदार असतो, कुणाचा साडू परदेशात असतो. आमच्या वाट्याला हे रत्न आलं. मामांनी उभी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून काढली. ड्रेसर आपलं कागदावर. प्रत्यक्षात तेरपासून बेंबळीपर्यंत जेवढी म्हणून वासरं जन्मली, त्यातल्या निम्म्यांनी जगात आल्यावर आईच्या आधी मामांचं तोंड पाहिलं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्याची हळहळ आजही वाटते, असं मामांचं म्हणणं आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी एक पांढरी जुनी मोटार घेतली. तिचं मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलेलं. मामांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही, कारण ही मोटार आहे हेच त्यांनी कधी कबूल केलं नाही. सकाळी उठले की आधी बॉनेटवर पालथा हात ठेवून ताप बघायचे. दहा-पंधरा किलोमीटर झाले की लिंबाच्या सावलीला उभी करून, बॉनेट उघडून, "जरा दम खाऊ द्या तिला," म्हणून आपण सुपारी कातरत बसायचे. एकदा त्यांनी आम्हाला येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला नेलं, तर वाटेत तिला इतक्या झाडांखाली विसावा दिला की निघताना पिशवीत टाकलेली हिरवी केळी देवीपुढं ठेवेपर्यंत पिकून काळी पडली होती. हॉर्न त्यांना मुळीच चालत नसे. "जनावराला बोंबलाया लावून कोण बाजूला व्हतंय का, जावईबापू?" असं मला विचारून ते काच खाली करायचे आणि स्वतः बोंबलायचे. तिला नावही ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की जीव लागतो म्हणे. आणि हे सांगणारा माणूस पावसाळ्यात तिच्या चारी चाकांखाली कोरडी पोती अंथरत असे.

गेल्या वर्षी मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंबांनी टिकवू, पण गाडी चालवणं सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं. मामा घरी येऊन चुलीपाशी बसले आणि मामींना म्हणाले, "सांजंला मला रस्त्याच्या कडाच दिसंनात." ते दोघं राहतात बेंबळीपासून चार किलोमीटर आत, शेतात, तिथं एसटी येत नाही. गाय अडली की आजही लोक दवाखान्याच्या आधी मामांना फोन करतात. मोटार थांबली म्हणजे मामा बाजेवर बसणार, आणि बसलेला मामा किती दिवस टिकेल याचा हिशेब मामींनी मनात करून टाकला असावा. त्यांनी तव्यावरची भाकरी उलथली आणि विचारलं, "क्लच म्हंजी कंचा वो, डावीकडला?" तोवर अठ्ठावन्न वर्षांच्या मामींनी आयुष्यात साधी सायकल चालवली नव्हती.

मामांनी त्यांना शिकवलं ते त्यांना येत होतं त्या भाषेत. निघायचं तर "च्यक् च्यक्", थांबायचं तर "होऽ होऽ". मामी चार महिन्यांत अशा तयार झाल्या की शेताच्या बांधावरून उलटी गाडी आणताना बांधावरचं गवतसुद्धा अंग चोरून घ्यायचं. सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना सुरुवातीलाच काढला होता, आता धाराशिवला पक्क्या परवान्याची परीक्षा लागली. मैदानात मामी झोकात आठाचा आकार काढत होत्या. नेमका त्याच वेळी कुंपणाबाहेर कुणाचा तरी बैल उधळला आणि मामा सवयीनं ओरडले, "होऽ होऽ!" बैल काही थांबला नाही. मामींनी मात्र करकचून ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, साहेबांनी नापास लिहिलं. आता शिकाऊ परवान्याला एक महिना उरला होता. "ही मुदत सरली तर म्या पुन्यांदा पयल्यापासून करायची न्हाय," मामींनी जाहीर केलं, "आन् लोकाच्या गाडीत तर बसायचीच न्हाय. माज्या पायाला हीच गाडी कळती."

आणि तेवढ्यात पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळण करतात. बैलांना धुऊन, जुवानं घासलेल्या त्यांच्या खांद्यांना तूपहळद चोळायची आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. मामांचे बैल कधीच विकले गेले होते, पण हात शिवशिवत होते. परीक्षेआधी हिलाही थोडा मान मिळाला तर बरं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि विहिरीवरचा पंप सुरू केला. पुढच्या चाकावरचा, बॅटरीशेजारचा कोपरा हा मोटारीचा खांदा, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं. तिथं पत्र्याचा एक चपटा डबा होता आणि त्याला दोन मोठे प्लग जोडलेले होते. मामांनी प्लग ओढून काढले, त्या भोकांत दोन इंची पाइप धरला, जळमटं निघेस्तोवर पाणी मारलं, आणि मग बोटानं आतल्या एकेका पिनेला तूपहळद लावली. संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "इतक्या वर्सांत तितं कुणी हातच लावला नव्हता हो तिला."

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, त्यांनी किल्ली फिरवली. मोटार दोनदा खोकली, पुढचा पंखा आपोआप गरगरला, एरवी किल्ली फिरवली की लागणारा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा काही पेटला नाही, आणि सगळं शांत झालं. मामी दारातून बघत होत्या. पुढं गेल्या, काचेवरचं लाल 'एल' अक्षर नखानं अलगद सोलून काढलं आणि पदरात घेऊन घरात गेल्या. मामांनी त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही. ज्यांनी मामांना पुरणपोळी खाताना पाहिलंय त्यांना त्या दुःखाची खोली कळेल.

ज्वारी ओल ओढून घेईल म्हणून मामांनी तो डबा तीन दिवस ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला. मग मला बोलावून घेतलं आणि आम्ही तो धाराशिवच्या वायरिंगवाल्या उस्तादांपुढं ठेवला. उस्तादांनी स्क्रू काढून झाकण उचललं. आत हिरवा गंज चढलेला, मधोमध हळदीचं थारोळं, आणि कडेला ज्वारीचे चार दाणे.

"मामा," उस्ताद बराच वेळ बघून म्हणाले, "पानी तो समज में आया. पन घी कायकू लगाया?"

"पोळा हुता," मामा म्हणाले.

उस्तादांनी समजुतीनं मान हलवली. हा मोटारीचा मेंदू आहे, इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी पाडायची हे तोच सांगतो, आणि हा आता उठणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नवा मिळत नाही. जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून याच नंबराचा आणायचा, आणि त्याच गाडीची किल्लीही आणायची, कारण किल्लीत एक चिप असते. ती ओळखल्याशिवाय मेंदू इंजिन चालू होऊ देत नाही.

आम्ही सोलापूर गाठलं. तिथल्या जुन्या गाड्या मोडणाऱ्याच्या आवारात याच नंबराचे चार मेंदू निघाले. मी म्हटलं, घ्या कोणताही. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डोळे मिटून बैल घ्यायला सांगतोय. त्यांनी प्रत्येक डब्याची चौकशी सुरू केली. पहिल्या गाडीचा मालक कोण होता? पिणारा. नको. दुसरी? भाड्यानं पळायची. "ह्यो थकलेला असणार." तिसरी एका पुढाऱ्याची. मामांनी डबा लगेच खाली ठेवला, "ह्याला ऐकायची सवयच नसंल." आवारवाला घायकुतीला येऊन म्हणाला, "काका, चौथी एका मास्तरीणबाईंची. उभ्या गाडीला मागनं ट्रक धडकला. बाईंना खरचटलंसुदिक न्हाय."

"मंजे डोस्कं शाबूत," मामा म्हणाले. "आन् बाईचा हात बसल्याला." एवढं बोलून त्यांनी तो डबा उपरण्यात गुंडाळला. तिची किल्ली मात्र कुठल्या तरी पिंपात शेकडो किल्ल्यांत पडलेली. अंधुक डोळ्यांचा हा माणूस त्या मोडक्या गाडीच्या दाराशी मांडी घालून बसला आणि एकेक किल्ली चाचपून कुलपात घालत राहिला. मी मदतीला गेलो तर हात झटकला. माझा अंदाज सांगतो, त्यांनी सोलापूर शहराचं निम्मं कुलूपजग पालथं घातलं. दुपार कलली तेव्हा एक किल्ली फिरली. मामांनी डोळे पुसले, आणि थेंब टाकायची वेळ झाली असं कारण सांगितलं.

शेतात येऊन उस्तादांनी बॅटरीची वायर काढली, प्लगांतलं तूप ब्रशनं घासून काढलं, मेंदू बसवला, सोलापूरच्या किल्लीतली तांदळाएवढी चिप काढून मामांच्या किल्लीत घातली. किल्ली फिरवली तशी मोटार पेटली, पण धडधडली, थरथरली, मरते की काय असं वाटलं. मामींनी ओच्यात हात घट्ट धरले. उस्ताद म्हणाले, "हाथ नक्को लगाव. दहा मिनटं अशीच चालू द्या. मेंदू इंजन को पहचान रहा."

मामा बॉनेटपाशी उकिडवे बसले. "दुसऱ्या गायीचं वासरू लावल्यावर अशीच करती," ते हळूच म्हणाले. "आधी लाथ मारती. मग हुंगती. मग चाटाया लागती." दहा मिनिटं सरत आली. धडधड कमी झाली, थरथर गेली, आणि इंजिन सुतासारखं एका लयीत चालू लागलं. "चाटाया लागली बगा," मामा म्हणाले, आणि मामी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

मुदतीला चार दिवस उरले असताना मामी परीक्षेला बसल्या. त्या सकाळी मामांनी तोंडात एवढी मोठी सुपारी धरली होती की उधळलेला हत्ती आला असता तरी त्यांना शब्द काढता आला नसता. मामी पास झाल्या. साहेबांनी विचारलं, बाई, कुठं शिकलात? "घरीच," मामी म्हणाल्या.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दिवस मावळायला आला होता आणि पलीकडच्या वस्तीवरून फोन आला, म्हैस अडलीय. मामींनी पदर खोचला, किल्ली घेतली. मामा डावीकडच्या सीटवर बसले, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि मी मागं. रस्ता मातीचा, उजेड विझत चाललेला. मामींनी दिवे लावले. थोडा वेळ गेल्यावर मामा समोर बघतच म्हणाले, "काय काय दिसतंय गं?"

"उजव्या अंगाला जवारी," मामी म्हणाल्या. "हातभर झालीया. म्होरं एक सायकलवाला. त्याच्या म्होरं बाभळ, तिच्यावर बगळं बसल्यात."

"किती हायेत?"

मामींनी गाडी थोडी हळू केली आणि बगळे मोजायला लागल्या.