रियाधला समुद्र नाही

गल्फहून कायमचा परत आलेल्या माणसाला गावात दोनच प्रश्न विचारतात. "काय काय आणलंस?" आणि "लढाईच्या वेळी तू तिथंच होतास ना रे?" पहिल्याचं उत्तर एका बॅगेत संपतं. दुसऱ्याचं द्यायला बसलो की चहा दोनदा गरम करावा लागतो. किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. बुटात वाळू शिरते तसे शिरले, आणि मी अजून बूट झाडतोय! आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र भीतीनं घास गिळवत नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

मी रियाधच्या एका फुटबॉल क्लबात मसाजवाला होतो. कागदावर 'फिजिओ' लिहिलेलं होतं, पण काम तेच, पोटऱ्या रगडायचं. क्लबच्या किचनमध्ये श्रीवर्धनचे हनीफभाई होते. आणि आमचा कोच होता योस, बेल्जियमचा. खेळाडू त्याला 'मुदर्रिब' म्हणायचे, अरबीत कोचला तसंच म्हणतात. म्हणून आम्हीही मुदर्रिबच म्हणायचो.

*

मुदर्रिब आला तो दिवस मी विसरणार नाही. क्लबचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, अबू नासिर, हार घेऊन एअरपोर्टवर उभे. "युरोपचा डिफेंडर आणलाय, भिंत आहे भिंत!" असं आठवडाभर सांगत होते.

आणि भिंत आली व्हीलचेअरवर! मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं.

अबू नासिर पांढरेफटक पडले. माझा दंड धरून कुजबुजले, "इकबाल, हा जिवंत आहे का बघ!"

मी नाडी बघितली. माणूस ठणठणीत होता. विमानाची भीती वाटते म्हणून झोपेच्या गोळ्या खाऊन बसला होता, आणि दोन-चार जास्तच खाल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उठला आणि पहिला प्रश्न विचारला, "उतरलो का आपण?"

*

त्याची ही विमानाची भीती साधीसुधी नव्हती. जेद्दाला मॅच असली की टीम विमानानं जायची आणि मुदर्रिब आदल्या दिवशीच माझ्याबरोबर सामानाच्या व्हॅनमधून निघायचा. अख्खं वाळवंट आडवं कापायचं. मागं मसाजचं टेबल, बॉलच्या जाळ्या, पाण्याचे कॅन, आणि पुढं आम्ही दोघं. माझी इंग्रजी मोडकी, त्याचीही तशीच, त्यामुळे आमचं मस्त जमायचं.

एकदा त्यानं सांगितलं, तरुणपणी त्याला परदेशातल्या एका मोठ्या क्लबानं बोलावलं होतं. घर, गाडी, सगळं देणार होते. पण विमानानं जावं लागणार होतं. हा एअरपोर्टच्या दारातून परत फिरला.

"मग?"

"मग काय! ट्रेन जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच माझी कारकीर्द गेली."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "मुदर्रिब, गाडीचेही अपघात होतातच की."

"होतात. पण गाडी खाली पडत नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आणखी एक त्याचं वेड म्हणजे गोलच्या जाळ्या. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर प्रॅक्टिस असायची. त्याआधी मी आणि हनीफभाईंनी दोन्ही गोलना जाळ्या लावायच्या आणि संपल्यावर काढून घडी घालून ठेवायच्या. रोज! पाच खेळाडू आले तरी जाळ्या हव्यात. "जाळी नसेल तर मुलं उगाच बॉल मारतात," म्हणायचा. हनीफभाई गाठी मारता मारता पुटपुटायचे, "आमी काय मासे धरायला आलाव हितं?"

*

मग कुवेत पडलं.

तोवर लढाई म्हणजे आम्हाला टीव्हीवरची गोष्ट. आता रियाधच्या रस्त्यावरून रणगाड्यांचे ट्रक जायला लागले. गोरे लोक भराभर निघाले. बायको रुक्साना तेव्हा पोटुशी होती आणि थोरली शमा तिथल्या इंग्रजी शाळेत पहिलीत. रुक्सानाचं रोज एकच, "आपण कधी जायाचा?" माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नव्या शिक्क्यासाठी कचेरीत गेलेला. तो हातात नसेल तर शहराबाहेरही पडता येत नाही, आणि कचेरीत विचारावं तर "बुकरा". म्हणजे उद्या. तो उद्या काही उजाडत नव्हता.

मुदर्रिबला त्याच्या वकिलातीतून फोन आला. मी शेजारीच होतो. साहेब पलीकडून सांगतोय, खास विमान आहे, ताबडतोब या. मुदर्रिबनं घाम पुसला आणि अदबीनं विचारलं, "बोट नाही का?"

मग साहेब म्हणाला, "मिस्टर योस, रियाधला समुद्र नाही!"

"मग समुद्र आला की कळवा," असं म्हणून यानं फोन ठेवला! विमान गेलं. हा राहिला.

*

रॉकेटमधून विषारी गॅस येईल, या भीतीचे दिवस आले. खिडक्यांना टेप, दाराखाली ओले टॉवेल, प्रत्येकाला एक मास्क. मास्क शिकवायला आलेला शिपाई हनीफभाईंपुढं थांबला आणि म्हणाला, दाढीवर मास्क बसत नाही, फटीतून गॅस आत जाईल. काढावी लागेल.

हनीफभाईंनी दाढी हज करून आल्यावर ठेवलेली. दोन दिवस नमाजानंतर तासन्‌तास तसेच बसून राहायचे. दाढी काढली तर अल्लाला काय सांगू आणि नाही काढली तर घरी चार पोरींना कोण बघेल, हे त्यांनी मला रडत रडत विचारलं.

तिसऱ्या दिवशी माझी व्हॅसलीनची मोठी बरणी गायब. किचनमध्ये गेलो तर हनीफभाई दाढीला बोटभर व्हॅसलीन थापून, वर मास्क चढवून सूप ढवळतायत. मास्क चपखल बसला होता.

"बग इकबाल, हवा जाते काय?"

हवा जात नव्हती, पण दाढीतून व्हॅसलीन ओघळत होतं. मुदर्रिब दारात उभा राहून हे बघत होता. हळूच मला म्हणाला, "आज मी फक्त ब्रेड खाईन."

*

सायरन झाला की पळायचं कसं, याचीही त्यानं प्रॅक्टिस घेतली. हा जुना डिफेंडर, चौघांनी एका ओळीत पुढं-मागं व्हायचं, हेच आयुष्यभर केलेलं. त्यामुळे सायरन झाला तरी खेळाडूंनी एका ओळीत, एका वेगानं तळघरातल्या ड्रेसिंग रूममध्ये जायचं. कुणी पुढं पळायचं नाही. "एक पळाला की सगळे पळतात, आणि जिन्यात माणसं मरतात," असं त्याचं म्हणणं.

पहिला खरा सायरन मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, सुमाराला झाला. मैदानावर सगळे गोठले. आकाशात कुठंतरी गडगडलं आणि जमीन पायाखाली हलली. खेळाडू ओळीत निघाले, पण कॅप्टन खालिद, सहा फुटी गडी, बॉल टाकून सुसाट सुटला!

तळघरात दार लागलं. टेप लागली. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, नुसते श्वासांचे आवाज. कुणी दुआ पुटपुटतंय, कुणी रडतंय. मुदर्रिब शेवटचा आत आला. सावकाश चालत खालिदसमोर गेला, खिशात हात घातला आणि त्याला पिवळं कार्ड दाखवलं!

खालिद मास्कमधून ओरडला, "वल्ला, मुदर्रिब, रॉकेट होतं!"

"रॉकेट दुसऱ्या टीमचं. लाईन आपली."

थोड्या वेळानं मी त्याला विचारलं, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, "इकबाल, ते खाली येतंय. मला फक्त वर जायची भीती वाटते."

*

मग एक रॉकेट आमच्या मोहल्ल्याच्या मागच्या बाजूला पडलं. काचा फुटल्या. आम्ही तिघंही वाचलो, पण त्याच दिवशी रुक्सानाच्या पोटात दुखायला लागलं. सातवा महिना होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आवाज आणि ही धास्ती तिला सोसणार नाही. मूल वाचवायचं असेल तर इथून हलवा. पण मोटारीनं अजिबात नाही, इतक्या लांबचे धक्के चालणार नाहीत."

जेद्दाला तिची बहीण होती, आणि तिथवर रॉकेट पोचत नव्हतं. दिवसा एखाददुसरं विमान सुटायला लागलं होतं. अबू नासिरनी मायलेकींच्या प्रवासाचे कागद करून दिले. पण माझा इकामा अजून कचेरीतच! रुक्साना उभ्या जन्मात एकटी कधी कुठं गेली नव्हती. "वाटंत माझा काय झाला तर शमाला कोन बगल?" एवढंच विचारत होती. मी तोंड फिरवून रडलो, दुसरं काय करणार.

त्याच आठवड्यात वकिलातीचा फोन आला. यावेळी साहेब खुशीत होता. "मिस्टर योस, समुद्र आला!" जेद्दाहून युरोपला बोट निघणार होती.

क्लबात सगळे धरून चालले, की मुदर्रिब चालला. अबू नासिर म्हणाले, "खलास. आता मैदानाला कुलूप." मी म्हटलं, व्हॅननं पोचवतो, निदान शहराच्या नाक्यापर्यंत. तो म्हणाला, "नको. मायलेकींचं विमान कधी आहे?"

एअरपोर्टवर तो आमच्यासोबत आला. निरोप द्यायला आला असेल, असं मला वाटलं. मग त्यानं खिशातून तिकीट काढलं. चेहरा राखेसारखा झालेला, शर्ट पाठीला चिकटलेला.

मी घाबरून विचारलं, "मुदर्रिब, गोळ्या घेतल्यास ना?"

"नाही."

"अरे, का?"

"झोपलो तर मुलीकडे कोण बघेल?"

शमानं त्याचं बोट धरलं आणि ती तिघं आत गेली. विमान वर चढून दिसेनासं होईपर्यंत मी कुंपणाशी उभा होतो. सायरन झाला असता तरी मी हललो नसतो.

अंधार पडायच्या आत जेद्दाहून फोन आला. रुक्साना सुखरूप होती, दुखणं थांबलं होतं. म्हणाली, "त्या मानसानं अख्ख्या वाटंत डोलं उगडलं नाय. शमाच त्याचा हात धरून बसलेली." शमानं मागून रिसीव्हर ओढला. "अब्बा, आय टोल्ड हिम डोन्ट क्राय. ही वॉज क्राइंग सो मच!"

मी विचारलं, "आता कुठं आहेत ते?"

"आमाला दारात सोडला नि गेला. बंदर कुटं ता विचारत होता."

दुसऱ्या दिवशी असरनंतर मी आणि हनीफभाई सवयीनं मैदानावर गेलो. खेळाडू एकही नाही. आम्ही पायरीवर बसलो. हनीफभाई म्हणाले, "आता बोटीवर बसला असंल. सुटला बिचारा." मी हो म्हटलं. खरंच सुटला होता, आणि मला आनंदही होत होता. पण उठून घरी जावंसं वाटेना.

तेवढ्यात फाटकाशी एअरपोर्टची टॅक्सी थांबली.

आतून मुदर्रिब उतरला. शर्ट कालचाच, आणि हातात उलटीसाठी विमानात देतात ती कागदी पिशवी. टॅक्सीच्या दाराला धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग सरळ झाला, मैदानाकडे बघितलं, दोन्ही गोलकडे बघितलं, आणि आमच्यावर ओरडला,

"जाळ्या कुठे आहेत?"